काळवंडणारी काच: प्रकाशतंतूने गॅमा किरण कसे मोजतात

साधी काच तीव्र किरणोत्सर्गात ठेवली की हळूहळू तपकिरी पडते. प्रखर किरणोत्सर्गी पदार्थ जिथे यांत्रिक हातांनी हाताळले जातात, त्या बंदिस्त कक्षांना जाड काचेच्या खिडक्या असतात. त्या काचेत सिरियमचा अंश मिसळलेला नसेल तर काही काळाने पलीकडचे सगळे तपकिरी धुक्यातून पाहावे तसे दिसू लागते. इंटरनेटच्या केबलमध्ये असतो तो प्रकाशतंतू, म्हणजेच ऑप्टिकल फायबर, हीदेखील शेवटी काचच. त्यामुळे ही खोड त्यालाही लागलेली आहे, आणि त्यातून प्रकाशाला शेकडो मीटर प्रवास करायचा असल्यामुळे ती त्याला अधिकच भोवते. संदेशवहनासाठी तंतू टाकणाऱ्या अभियंत्याला ही गोष्ट नकोशी वाटणे साहजिक आहे. मात्र काच किती काळवंडली हे नेमके मोजता आले, तर तिने किती किरणोत्सर्ग सोसला तेही सांगता येईल, हा विचारही याच खोडीतून पुढे आला.

या विचाराचे वय प्रकाशतंतूच्या वयापेक्षा फारसे कमी नाही. किलोमीटरला प्रकाशाची २० डेसिबलपेक्षा (डेसिबल हे घट मोजण्याचे एकक) कमी घट असलेला, म्हणजे दूरसंचाराला उपयोगी पडेल असा तंतू १९७० मध्ये अमेरिकेतील कॉर्निंग कंपनीत तयार झाला. त्यानंतर थोड्याच काळात अमेरिकी नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेत तंतूंवर होणारा किरणोत्सर्गाचा परिणाम तपासला जाऊ लागला, आणि १९७७ मध्ये अवकाशात गेलेल्या ‘एनटीएस-२’ या दिशादर्शन उपग्रहावर प्रकाशतंतूवर चालणारा मात्रामापक, म्हणजे किती किरणोत्सर्ग सोसला हे मोजणारे साधन, बसवलेलाही होता.

मोजायचे आहे ते काय?

‘किरणोत्सर्ग मोजणे’ हा शब्दप्रयोग सैल आहे, म्हणून आधी तो थोडा घट्ट करून घेऊ. गॅमा किरण म्हणजे अतिशय ऊर्जावान प्रकाशकण. कोबाल्ट-६० मधून बाहेर पडणाऱ्या दोन गॅमा किरणांची ऊर्जा १.१७ आणि १.३३ दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्ट (अणूंच्या पातळीवरची ऊर्जा मोजण्याचे एकक) असते, तर डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशाच्या एका कणाची ऊर्जा दोन-तीन इलेक्ट्रॉन व्होल्टच्या आसपास. पदार्थाच्या एका किलोग्रॅमने गॅमा किरणांकडून १ जूल ऊर्जा शोषली, तर त्याला १ ग्रे इतकी मात्रा मिळाली असे म्हणतात. १ जूल ही ऊर्जा एरवी अगदी किरकोळ. तिने एक किलो पाणी जेमतेम ०.०००२४ अंश सेल्सियसने तापते. तरीही संपूर्ण शरीराला थोड्या वेळात ४ ते ५ ग्रे मात्रा मिळाली आणि उपचार झाले नाहीत, तर माणूस दगावण्याची शक्यता मोठी असते. कारण ती ऊर्जा उष्णता म्हणून सगळीकडे सारखी पसरत नाही, एकेका रेणूवर घाव घालत जाते. याच कारणाने मात्रा मोजण्यासाठी साधा तापमापक उपयोगी पडत नाही. घाव मोजणारे साधन लागते.

मोजण्याजोग्या गोष्टी दोन आहेत. एक म्हणजे आतापर्यंत साचलेली एकूण मात्रा, आणि दुसरी म्हणजे या क्षणी ती कोणत्या दराने मिळते आहे. खात्यातली शिल्लक आणि आज जमा झालेली रक्कम यांत जो फरक आहे, तोच येथे. प्रकाशतंतूच्या संवेदकांचे जे दोन मोठे घराणेवार भेद पडतात, ते बहुतांशी याच फरकावर: काही तंतू काळवंडून शिल्लक सांगतात, काही चमकून दर सांगतात.

मोजण्याच्या पल्ल्याचाही अंदाज हवा. निसर्गातून माणसाला वर्षभरात जगाच्या सरासरीने सुमारे २.४ मिलिसिव्हर्ट मात्रा मिळते (सिव्हर्ट म्हणजे जैविक परिणामाच्या हिशोबाने मांडलेली मात्रा, गॅमा किरणांनी सगळे शरीर सारखेच माखले असेल तर १ ग्रे म्हणजे १ सिव्हर्ट असे धरता येते). कर्करोगाच्या किरणोपचारात एका बैठकीला गाठीवर साधारणपणे २ ग्रे दिले जातात. वैद्यकीय साहित्य गॅमा किरणांनी निर्जंतुक करताना नेहमी वापरली जाणारी मात्रा २५,००० ग्रे आहे, आणि अणुभट्टीच्या गाभ्याजवळ ती यालाही कितीतरी पटींनी मागे टाकते. इतका प्रचंड पल्ला एकाच साधनाने मोजायचा हट्ट कोणी धरू नये. तंतूच्या बाबतीत तर नाहीच.

केसाएवढ्या काचेत गॅमा किरण कसा सापडतो?

नेहमीच्या तंतूचा काचेचा व्यास १२५ मायक्रोमीटर असतो. त्याच्या मध्यभागी, एकमार्गी (सिंगल-मोड) तंतूत, सुमारे ९ मायक्रोमीटरचा गाभा असतो आणि प्रकाश मुख्यतः त्यातूनच जातो. गाभ्याचा अपवर्तनांक भोवतालच्या आवरणापेक्षा किंचित जास्त असल्यामुळे पूर्ण आंतरिक परावर्तनाने प्रकाश आतच अडकून राहतो. हे शालेय पुस्तकातले ज्ञान झाले. पण येथे एक रास्त शंका येते. शिशाची सेंटिमीटरभर जाड भिंतही जे गॅमा किरण पुरते अडवू शकत नाही, ते केसाएवढ्या काचेत कसे पकडले जाणार?

शंका अगदी योग्य आहे, आणि थोडा हिशोब केला तर ती आणखीच बळकट होते. दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्टचा गॅमा किरण १२५ मायक्रोमीटर काच आरपार ओलांडताना तिच्यात काही घडवून जाण्याची शक्यता हजारात दोनहून कमी आहे. बाकीचे किरण तंतूची दखलही न घेता निघून जातात. मग तंतूला मात्रा मिळते कोठून? ती बव्हंशी शेजाऱ्यांकडून मिळते. या ऊर्जेचा गॅमा किरण पदार्थात शिरला की प्रामुख्याने कॉम्प्टन परिणाम घडतो, म्हणजे तो एखाद्या इलेक्ट्रॉनला जोराची धडक देऊन त्याला मोकळा करतो आणि स्वतः उरलेली ऊर्जा घेऊन दुसऱ्या दिशेने जातो. तो मोकळा इलेक्ट्रॉन मग फार तर एखाद-दुसरा मिलिमीटर भटकतो आणि वाटेत आपली ऊर्जा सांडत जातो. तंतूच्या भोवती प्लास्टिकचे वेष्टन असते, पाणी असते, पोलाद असते किंवा रुग्णाच्या शरीरातल्या पेशी असतात. या सगळ्यांतून सुटलेले इलेक्ट्रॉन तंतूतून जातात आणि काचेवर जे घाव पडतात ते मुख्यतः त्यांचेच.

ही बाब तपशिलाची वाटेल, पण व्यवहारात तिचे वजन मोठे आहे. तोच तंतू जाड धातूच्या नळीत घातला आणि तोच पाण्यात सोडला, तर दोन्हीकडचा आकडा तंतोतंत सारखा येईलच असे नाही, कारण इलेक्ट्रॉन पुरवणारा शेजार बदललेला असतो. तंतू बसवताना भोवती काय आहे याची नोंद ठेवणे म्हणूनच मोजमापाचा भाग ठरते. उलट बाजूने पाहिले, तर तंतूचा हा किरकोळपणा हेच त्याचे मोठे भांडवल आहे: तो ज्या क्षेत्रात ठेवला जातो त्या क्षेत्रात स्वतः फारशी ढवळाढवळ करत नाही.

काच काळी पडते म्हणजे नेमके काय होते

शुद्ध सिलिका काचेत सिलिकॉनचा प्रत्येक अणू चार ऑक्सिजन अणूंशी जोडलेला असतो, आणि ऑक्सिजनचा प्रत्येक अणू दोन सिलिकॉनना पुलासारखा जोडतो. स्फटिकात हे जाळे शिस्तीत असते. काचेत ते विस्कळीत असते, काही बंध ताणलेले, काही मुळातच तुटलेले. भटक्या इलेक्ट्रॉनने आपली ऊर्जा येथे सांडली की बंधांतले इलेक्ट्रॉन जागा सोडतात आणि त्यांच्या जागी रिकामे ‘विवर’ राहते. बरेचसे इलेक्ट्रॉन लगेच घरी परततात. काही मात्र जाळ्यातल्या दोषांच्या जागी किंवा मुद्दाम मिसळलेल्या परक्या अणूंपाशी अडकून बसतात. असे अडकलेले इलेक्ट्रॉन किंवा विवर ठरावीक तरंगलांबीचा प्रकाश गिळू लागतात, म्हणून त्यांना रंगकेंद्रे म्हणतात. एक रंगकेंद्र नगण्य असते, पण शेकडो मीटर लांबीच्या वाटेवर अशी असंख्य केंद्रे बसली की दुसऱ्या टोकाला पोहोचणारा प्रकाश लक्षात येण्याइतका घटतो.

कोणते केंद्र कोणता रंग गिळेल हे काचेत काय मिसळले आहे त्यावर ठरते. शुद्ध सिलिकातील काही प्रमुख दोष अतिनील भागात प्रकाश शोषतात, तर दोन सिलिकॉनऐवजी एकालाच चिकटून राहिलेल्या ऑक्सिजनशी निगडित केंद्र ६२० नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे लाल-नारिंगी प्रकाशात. काचेत फॉस्फरस मिसळला तर एक केंद्र १६०० नॅनोमीटरच्या आसपास तयार होते, आणि दूरसंचारात सर्रास वापरली जाणारी १५५० नॅनोमीटरची तरंगलांबी त्याच्या तावडीत येते. म्हणून संदेशवहनासाठी किरणोत्सर्गात टाकायच्या तंतूंत फॉस्फरस कटाक्षाने टाळतात आणि शुद्ध सिलिकाचा किंवा फ्लोरिन मिसळलेला गाभा निवडतात. मात्रा मोजणारे नेमके उलटे करतात. ते फॉस्फरस मागून घेतात.

आता आकडे पाहू. प्रकाशाची घट डेसिबलमध्ये मोजतात. १० डेसिबल घट म्हणजे प्रकाश एक दशांश उरला, २० म्हणजे एक शतांश. फॉस्फरस मिसळलेल्या तंतूत १५५० नॅनोमीटरला, दर किलोमीटरला, दर ग्रेमागे सुमारे ४ डेसिबल घट होते. अशा तंतूचे १०० मीटरचे वेटोळे एखाद्या जागी ठेवले आणि त्याला १ ग्रे मात्रा मिळाली, तर घट ०.४ डेसिबल, म्हणजे प्रकाश सुमारे ९ टक्क्यांनी कमी होईल. हे मोजणे अवघड नाही. पण त्याच वेटोळ्याला १०० ग्रे मिळाले तर घट ४० डेसिबलवर जाते, म्हणजे शंभर मीटरपलीकडे प्रकाशाचा दहा हजारावा हिस्सा पोहोचतो, आणि आणखी थोड्या मात्रेनंतर तंतू वाचताच येत नाही. संवेदनशीलता वाढवावी तर आयुष्य घटते, आयुष्य वाढवावे तर बारीक बदल हातून निसटतात. यावरचा एक सरळ उपाय म्हणजे मोजायच्या जागेपुरताच संवेदनशील तंतूचा छोटा तुकडा वापरायचा आणि तिथपर्यंतची ये-जा किरणोत्सर्गाला दाद न देणाऱ्या तंतूतून करायची. त्यासाठी दोन्ही तंतूंची टोके वितळवून जोडावी लागतात, आणि त्या सांध्यातही थोडा प्रकाश वाया जातोच. पण तो तोटा ठरलेला असतो, सुरुवातीलाच वजा करता येतो.

विसरणारी काच

काळवंडलेली काच आपला हिशोब कायमचा जपून ठेवती, तर हा विषय येथेच संपला असता. खरी मेख अशी की अडकलेले इलेक्ट्रॉन उष्णतेच्या हलक्या धक्क्यांनीही सुटतात आणि काच हळूहळू पुन्हा स्वच्छ होत जाते. किरणोत्सर्ग थांबल्यावर काही तंतूंतली घट मिनिटांत उतरू लागते, काहींत ती महिनोन्‌महिने टिकते. यातून एक विचित्र अडचण उभी राहते. समजा एका तंतूला १० ग्रे एका तासात मिळाले आणि तशाच दुसऱ्याला तेच १० ग्रे वर्षभरात मिळाले. दुसऱ्या तंतूला विसरायला भरपूर वेळ मिळाल्यामुळे त्याचे काळवंडणे कमी दिसेल, आणि वाचणारा त्याची मात्राही कमी समजेल. सुरक्षिततेच्या कामात अशी चूक सर्वांत वाईट, कारण ती दिलासा देणाऱ्या दिशेने होते.

तापमान हे दुसरे कारण. तंतू गरम जागेत असेल तर विसरणे वेगाने होते, आणि एकाच तंतूचा काही भाग गरम, काही थंड असेल तर प्रत्येक भागाचा हिशोब वेगळा होतो. तिसरे कारण जरा गमतीचे आहे: घट वाचण्यासाठी आपण जो प्रकाश सोडतो, तोच अडकलेल्या इलेक्ट्रॉनांना मोकळे करून काच साफ करू शकतो. म्हणजे वहीतला आकडा वाचता वाचता बोटाने पुसला जावा, तसा प्रकार. म्हणून वाचनाचा प्रकाश मंद ठेवतात आणि गरजेपुरताच चालू करतात.

फॉस्फरसचा तंतू लोकप्रिय होण्यामागे केवळ त्याची संवेदनशीलता नाही. त्याचे १६०० नॅनोमीटरजवळचे केंद्र नेहमीच्या तापमानाला बरेच स्थिर असते, मात्रेच्या दराने फारसे हलत नाही, आणि सुमारे ५०० ग्रेपर्यंत घट मात्रेच्या सरळ प्रमाणात वाढत जाते. त्यापुढे मात्र रेषा वाकू लागते. काचेला लवकर घाव पडावेत एवढे पुरेसे नाही, ते घाव तिने विसरता कामा नयेत, ही अट माझ्या मते या सगळ्या तंत्रातली सर्वांत अवघड अट आहे. प्रयोगशाळेत छान वाटलेले कितीतरी तंतू तिथेच मागे पडतात.

एकाच तंतूवर हजार संवेदक

दोन टोकांमधली एकूण घट मोजली तर एकूण मात्रा कळते, पण ती कोठे मिळाली हे कळत नाही. हे कोडे सोडवणारे यंत्र दूरसंचारवाल्यांकडे आधीपासूनच होते. केबल कोठे तुटली हे शोधण्यासाठी ते तंतूच्या एकाच टोकातून प्रकाशाचा छोटा स्पंद सोडतात आणि परत येणाऱ्या मंद प्रकाशाची वेळ मोजतात. त्या यंत्राला ओटीडीआर म्हणतात. काचेतील घनतेच्या सूक्ष्म चढउतारांमुळे प्रत्येक ठिकाणाहून थोडासा प्रकाश मागे विखुरला जातो. काचेत प्रकाशाचा वेग सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर असल्याने जाऊन-येऊन १ मायक्रोसेकंद लागला तर ती जागा सुमारे १०० मीटरवर आहे, असा हिशोब. स्पंद १० नॅनोसेकंदांचा असेल तर सुमारे १ मीटरपर्यंतचा तपशील वेगळा दिसतो.

यंत्राच्या पडद्यावर हे पाहणे समाधानाचे असते. आडव्या अक्षावर अंतर, उभ्यावर परतलेल्या प्रकाशाची पातळी. निरोगी तंतूची रेषा डावीकडून उजवीकडे अगदी हलक्या उताराने जाते, सांध्यापाशी छोटीशी पायरी दिसते, शेवटच्या टोकाला परावर्तनाचा उंच काटा उठतो आणि त्यापुढे नुसती खरखर. आता या तंतूचा २०० ते २१० मीटरमधला भाग किरणोत्सर्गात सापडला आहे असे समजा. तेवढ्याच दहा मीटरांत उतार एकदम तीव्र होतो, आणि त्यापुढे रेषा पुन्हा पहिल्याच उताराने, पण खालच्या पातळीवरून चालू लागते. त्या तुकड्याच्या उतारातून आधीचा उतार वजा केला, दर ग्रेमागच्या घटीने भागला, की त्या जागेची मात्रा हाती येते. परत येणारा प्रकाश अत्यंत क्षीण असल्यामुळे असे हजारो स्पंद सोडून त्यांची सरासरी घ्यावी लागते.

जिनिव्हाजवळच्या सर्न या संस्थेत, कणत्वरकांच्या लांबच लांब बोगद्यांमध्ये, फॉस्फरसयुक्त तंतू बसवून याच पद्धतीने मात्रेचा नकाशा काढला जातो. तिथे गॅमाबरोबर न्यूट्रॉन आणि इतर कणही असतात आणि तंतू त्यांना वेगवेगळे ओळखत नाही. पण कोणत्या मीटरला इलेक्ट्रॉनिक उपकरणे लवकर निकामी होतील, हे कळण्यासाठी तेवढी माहिती पुरेशी असते. तेच काम सुट्या मापकांनी करायचे तर ते शेकड्यांनी बसवावे लागतील आणि वाचण्यासाठी माणसाला आत जावे लागेल.

चमकणारे टोक

आता दुसरे घराणे. येथे काचेची घट मोजत नाहीत, तंतूच्या टोकाला चिकटवलेल्या छोट्या पदार्थाने दिलेला प्रकाश मोजतात. हा पदार्थ म्हणजे सिंटिलेटर, किरणोत्सर्ग पडताच क्षणभर चमकणारा. सर्वांत परिचित प्रकार प्लास्टिकचा असतो: पॉलिस्टायरिनसारख्या प्लास्टिकमध्ये प्रतिदीप्तिमान रंगद्रव्य मिसळलेला, मिलिमीटरभर जाड आणि एक-दोन मिलिमीटर लांब तुकडा. शोषलेल्या दर दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्टमागे तो दहा हजारांच्या आसपास प्रकाशकण देतो, आणि तेही काही नॅनोसेकंदांत. त्यातले थोडेच तंतूच्या स्वीकारकोनात बसतात, दूर सुरक्षित खोलीत पोहोचतात आणि फोटोमल्टिप्लायर नळीत, म्हणजे अगदी क्षीण प्रकाशाचेही विजेच्या संकेतात रूपांतर करणाऱ्या नळीत, मोजले जातात. चमक थेट मात्रेच्या दराच्या प्रमाणात असते. बाहेरून काळे वेष्टन अनिवार्य, कारण त्याला सुईच्या अग्राएवढे जरी भोक राहिले तरी खोलीतल्या दिव्याचा प्रकाश आत शिरून किरणोत्सर्गाच्या चमकेला सहज बुडवतो. अशा साधनाची तपासणी दिवे मालवून आणि लावून, दोन्ही वेळचा आकडा ताडून पाहण्यापासूनच सुरू करावी.

किरणोपचारात या टोकाचे महत्त्व विशेष आहे. प्लास्टिकची घनता आणि अणुरचना पाण्याच्या, पर्यायाने शरीराच्या, बरीच जवळची असते, त्यामुळे आकड्यात फारशी दुरुस्ती करावी लागत नाही. टोकाला वीज लागत नाही, म्हणून ते बारीक नळीतून शरीराच्या आतही नेता येते. आणि ज्या यंत्रात चुंबकीय प्रतिमांकन व किरणोपचार एकत्र होतात, तिथल्या तीव्र चुंबकीय क्षेत्रात तारांनी गोंधळ होतो तसा तंतूने होत नाही.

पण या चमकणाऱ्या टोकाच्या मागे एक चोर असतो. काचेत किंवा प्लास्टिकमध्ये प्रकाशाचा वेग कमी होतो, आणि इलेक्ट्रॉन त्यापेक्षा वेगाने धावला तर तो निळसर प्रकाश सोडतो. पाण्याखालच्या अणुभट्टीभोवती दिसणारी निळी आभा तीच. पावेल चेरेन्कोव्ह यांनी ती १९३४ मध्ये नोंदवली आणि १९५८ मध्ये त्यांना त्याबद्दल नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. सिलिका काचेत हे घडण्यासाठी इलेक्ट्रॉनकडे सुमारे १ लाख ९० हजार इलेक्ट्रॉन व्होल्ट इतकी ऊर्जा पुरते, आणि किरणोपचारात मोकळ्या झालेल्या कितीतरी इलेक्ट्रॉनांकडे ती असते. म्हणजे टोकापर्यंत जाणारा साधा तंतूही, जेवढा किरणांच्या झोतात सापडला असेल तेवढा, स्वतःच चमकतो आणि ती चमक टोकाच्या चमकेत मिसळते. भर म्हणजे ही आगंतुक चमक तंतू झोताशी कोणता कोन करून पडला आहे त्यावर बदलते, त्यामुळे एक ठरावीक आकडा वजा करूनही भागत नाही.

यावर तीन वाटा काढल्या गेल्या आहेत. शेजारी टोकाविना दुसरा तसाच तंतू ठेवून त्याची चमक वजा करणे ही पहिली. ती सोपी आहे, पण दोन्ही तंतू तंतोतंत सारख्या मात्रेत असले पाहिजेत, आणि झोताच्या कडेला ते नसतात. दुसरी वाट रंगाची: चेरेन्कोव्ह प्रकाश निळ्याकडे अधिक आणि लालकडे कमी असतो, सिंटिलेटरचा रंग मात्र ठरलेला असतो, म्हणून दोन रंगांत मोजून समीकरणे सोडवली की दोन्ही वेगळे होतात. तिसरी वाट वेळेची, आणि मला ती सर्वांत देखणी वाटते. किरणोपचाराचा त्वरक झोत सलग सोडत नाही, काही मायक्रोसेकंदांच्या स्पंदांत सोडतो. चेरेन्कोव्ह प्रकाश स्पंदाबरोबर येतो आणि त्याच्याबरोबरच विझतो. टोकाला कार्बन मिसळलेला अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडचा स्फटिक लावला, तर त्याची मुख्य चमक विझायला सुमारे ३५ मिलिसेकंद लागतात. म्हणून स्पंद चालू असताना डोळे मिटायचे आणि दोन स्पंदांच्या मधल्या शांततेत मोजायचे.

याच स्फटिकात आणखी एक गुण आहे. किरणोत्सर्गाची काही ऊर्जा तो अडकलेल्या इलेक्ट्रॉनांच्या रूपाने साठवतो, आणि नंतर त्याच तंतूतून हिरव्या लेसरचा प्रकाश आत पाठवला की ती ऊर्जा निळ्या प्रकाशाच्या रूपाने बाहेर पडते. उपचार चालू असताना दर, आणि संपल्यावर साचलेली मात्रा, दोन्ही एकाच कणातून वाचता येतात. वर ज्या अडकण्याने काच काळवंडत होती, तीच अडकण्याची क्रिया येथे शिस्तीत आणली आहे, आणि प्रकाशाने पुसले जाणे हे येथे वाचनाचे साधन झाले आहे.

तंतूत कोरलेल्या ब्रॅग जाळीचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाता येत नाही, पण तो थोडक्यात पुरेल. गाभ्यातील अपवर्तनांक ठरावीक अंतराने कमी-जास्त केला की तयार होणारी ही जाळी एकच तरंगलांबी परत पाठवते, आणि किरणोत्सर्गाने ती तरंगलांबी किंचित सरकते. अडचण अशी की प्रचंड मात्रेनंतरही हे सरकणे, जाळी कशी बनवली आहे त्यानुसार, काही पिकोमीटरपासून (पिकोमीटर म्हणजे नॅनोमीटरचा हजारावा भाग) शंभराच्या आसपासच असते, आणि तापमान एका अंशाने बदलले तरी तरंगलांबी सुमारे १० पिकोमीटर सरकते. म्हणून मात्रा मोजण्यापेक्षा किरणोत्सर्गाच्या जागी तापमान व ताण मोजण्याकडेच तिचा उपयोग अधिक, आणि तिथे किरणोत्सर्ग ही चूक म्हणून वजा करायची गोष्ट ठरते.

कोठे वापरू नये

काळवंडणारा तंतू गायगर गणकाची, म्हणजे किरणोत्सर्गाचे एकेक कण मोजणाऱ्या परिचित यंत्राची, जागा घेऊ शकत नाही. निसर्गातली पार्श्वभूमी मात्रा त्याच्या लेखी जवळजवळ शून्य आहे: वर्षाला १ मिलिग्रे इतक्या मात्रेने फॉस्फरसच्या किलोमीटरभर तंतूत ०.००४ डेसिबल एवढीच घट होईल, आणि तंतू जरा जास्त वाकला तरी त्याहून मोठा फरक पडतो. किरण कोणत्या समस्थानिकातून आला हेही तो सांगत नाही, कारण त्याच्याकडे प्रत्येक किरणाची ऊर्जा वेगळी नोंदवण्याची सोय नाही. त्याची जागा जिथे मात्रा मोठी आहे, अंतर लांब आहे, जागा अरुंद आहे, विजेचा गोंगाट आहे किंवा माणूस जाऊ शकत नाही, तिथे. किरणोत्सर्गी कचऱ्याची साठवण, अणुभट्टीचे बंदिस्त आवार, त्वरकाचे बोगदे आणि रुग्णाच्या शरीरातला एखादा मिलिमीटर या त्याच्या हक्काच्या जागा आहेत.

आणि कोणताही तंतू थेट गुंडाळीतून काढून कामाला लावता येत नाही. उत्पादनाच्या एका खेपेतला तंतू दुसऱ्या खेपेपेक्षा थोडा वेगळा निघतो, कारण गाभ्यातील अशुद्धी, तंतू ओढण्याचा वेग आणि त्या वेळचे तापमान यांचे ठसे दोषांच्या संख्येवर उमटतात. म्हणून ज्या गुंडाळीतला तंतू बसवायचा, तिच्यातलाच एक तुकडा आधी कोबाल्ट-६० च्या प्रमाणित स्रोतासमोर ठेवून, आयनीकरण कक्षाने (किरणोत्सर्गाने वायूत निर्माण होणारा विद्युतभार मोजणाऱ्या साधनाने) मोजलेल्या ज्ञात मात्रेशी ताडून, दर ग्रेमागे किती घट होते हे ठरवले जाते. निरनिराळ्या दरांनी आणि निरनिराळ्या तापमानांना तेच पुन्हा करतात, आणि स्रोत बंद केल्यावर पुढचे काही आठवडे तुकडा किती विसरतो याचीही नोंद ठेवतात. कोबाल्ट-६० चा अर्धायुकाल ५.२७ वर्षे असल्याने स्रोताची तीव्रताही महिन्याला एका टक्क्याहून थोडी अधिक घटत असते, तेव्हा तपासणीच्या दिवसाची तारीख वहीत लिहिणे विसरून चालत नाही.